बियर थुंकायची नसते

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले. गाडीतून उतरल्या उतरल्या नाकात आधी मासळी, मग मोड आणलेल्या जवाचं ओलं माल्ट, मग पुन्हा मासळी. बंदरावरचा जुना बर्फाचा कारखाना घेऊन त्यात बियर करतात ही मंडळी. भिंतींना अजून गारठा आहे, टाक्या मात्र नव्याकोऱ्या. भाचा दारातच उभा – दाढी वाढवलेली, पायात गमबूट, अंगावर नांगराचं चित्र असलेला एप्रन. "मावशी, तुझी जीभ हवी होती गं." बाकीची मी आले नसते तरी चाललं असतं, असा त्याचा अर्थ!

नांगर तर सगळीकडे. ग्लासवर नांगर, बाटलीवर नांगर, संडासाच्या दारावरसुद्धा नांगर. बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरात – प्रत्येक घोटात समुद्राची झुळूक. बियरमध्ये समुद्र लागला तर आधी टाकी धुवायला घ्या, असं आम्हाला शिकवलं होतं.

चहासुद्धा न देता चाखायला बसवलं. त्यांची नवी कडक बियर, स्ट्राँग पेल एल, साडेआठ टक्के अल्कोहोल. रंग चांगला, जुन्या मधासारखा. फेस टिकतो. वासाला संत्र्याची साल आणि थोडं ओलं लाकूड. तोंडात भरीव, किंचित गोडसर, मधे बोट ठेवायला जागा नाही. आणि मग गिळल्यावर – खर्र! घशाच्या मागे कोणी नखाने ओरखडा काढावा तसं. कडूपणा हवाच, पण तो यावा आणि जावा. हा येतो आणि नको असलेल्या पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो.

मी हे सांगत होते तेवढ्यात भाचेसुनेने – बियर करते ती हीच, भाचा नुसता विकतो – तोंडातला घोट समोरच्या स्टीलच्या भांड्यात थुंकला. पचकन! मग पाण्याने चूळ. पुन्हा चूळ. पुन्हा चूळ.

"मला नाही लागलं काही खरखरीत, मावशी," म्हणाली.

कसं लागेल?

४ फेब्रुवारी, मंगळवार

वाइनवाले थुंकतात. चहा चाखणारे थुंकतात. बियरवाले थुंकत नाहीत. कडूपणा जिभेच्या मुळाशी आणि घशात कळतो, आणि तो गिळल्यावरच कळतो. मी नोकरीला होते त्या बियर कंपनीच्या चव-विभागात पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच सांगायचे. मी त्या खोलीत निवृत्त होईपर्यंत बसले. सकाळी कोऱ्या जिभेने, अंगाला अत्तर नाही, ओठांना रंग नाही, नाश्त्यात कांदा नाही. सर्दी झालेल्यांनी गिळलं, अपचन झालेल्यांनी गिळलं. आणि ही, जिच्या भरवशावर एवढ्या टाक्या उभ्या आहेत, ती दात घासल्यासारखी बियर थुंकते.

आजपासून तिचं नाव थुंकी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज कळलं मला का बोलावलंय ते. एकवीस तारखेला वितरक येणार. त्याच्या हातात किनाऱ्यावरचे निम्मे बार आहेत. त्याने ही स्ट्राँग घेतली तर हे लोक आपल्या नावाची बियर करत राहणार. नाही घेतली तर टाक्या दुसऱ्या कंपनीला भाड्याने, आणि थुंकी त्यांची पाणचट लागर बियर ढवळत बसणार. भाचा हे सांगताना सारखा हॉप्सची, बियरला कडूपणा देणाऱ्या फुलांची, पिशवी उघडत होता, बंद करत होता. लहानपणी निकालाच्या दिवशी दप्तराचं असंच करायचा.

उपाय सोपा आहे. दोन नंबरच्या टाकीत हीच बियर आहे, हॉप्स कमी घातलेली. दोन्ही मिसळा, खरखर जाते. मी ग्लासात मिसळून दाखवली. भाचा म्हणाला, छान लागते. पण त्याची जीभ म्हणजे पायपुसणं, त्याला सगळंच छान लागतं. थुंकीने हुंगली, तोंडात घोळवली, थुंकली.

"मिसळली की वास अर्धा होतो, मावशी. आणि माझ्या हिशोबात कडूपणा बरोबर बसतोय."

"हिशोब पिणार आहेत का लोक?"

तिने फडकं उचललं. वाद टाळायची तिची एक खास तऱ्हा आहे. मान खाली, हातातल्या फडक्याने टेबलाचा एकच चौकोन पुसत राहायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

रात्रीचं जेवण ताईने केलं. ताई मुलाकडे राहायला आल्यापासून जाड झाली आहे आणि सोशिक झाली आहे. दोन्ही तिला शोभत नाही.

जेवताना मी आमच्या चव-विभागातल्या एकाची गोष्ट सांगितली. काय जीभ होती त्याची! डोळे बांधून कुठल्या कारखान्याचं पाणी आहे ते सांगायचा. मग घसरला. सकाळी यायचा तोच हात थरथरत. उरलेले नमुने टेबलाखाली तोंडाला लावायचा. शेवटी काढला त्याला. सगळे हळहळले, बिचारा म्हणाले. मी म्हटलं, कसला बिचारा? आम्हीही रोज तेच पीत होतो, आम्ही नाही वाहवलो. अशांची मला कीव येत नाही, किळस येते.

थुंकी अर्ध्या जेवणावरून उठली आणि ग्लास धुवायला लागली. धुतलेलेच ग्लास! भाचाही तिच्यामागे उठला. ताई म्हणाली, "पुरे झालं." माझ्या गोष्टी ताईला कधीच आवडल्या नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर पाहुणे. सगळ्यांना नांगराचा एप्रन हवा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

थुंकी संध्याकाळी काम अर्धं टाकून जाते. मंगळवारी आणि शुक्रवारी, न चुकता. भाच्याला विचारलं तर म्हणे, "सभा असते तिची." कसली सभा? "असते." शाळेच्या मागच्या वर्गात भरते म्हणे. मी चालायला म्हणून त्या बाजूला गेले. खिडकीतून दिसलं – लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. एक बस ड्रायव्हर त्याच्या गणवेशात, एक पिकलेल्या केसांची बाई, एक टाय लावलेला. थुंकी उभी राहून काहीतरी बोलत होती आणि सगळे माना डोलावत होते. मग टाळ्या.

पुढारी व्हायचंय वाटतं. इकडे टाकी तिची वाट बघतेय आणि ही बाई भाषणं ठोकतेय.

परत आल्यावर विचारलं, काय मिळतं तिथे? म्हणाली, "ओळखीची माणसं भेटतात."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज नळीवरून वाद. बियर बाटल्यांकडे नेणारी रबरी नळी थुंकीने हुंगली आणि फेकून द्यायला सांगितली. टाकीवरचा माणूस म्हणाला, परवाच धुतली. मीही हुंगली, मला काही लागलं नाही. तिने सुरीने नळी उभी चिरली. आत, मधोमध, नखाएवढा काळा बुरशीचा ठिपका.

नाक आहे. मान्य. कुत्र्यालाही असतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

खरखर कायम आहे. आज पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच – "मला लागत नाहीये, मावशी. तुम्ही सांगताय म्हणजे असेलही. पण मला कळल्याशिवाय मिसळायचा धीर होत नाही." मी म्हटलं, मग एक घोट गिळ, कळेल. ती म्हणाली, "मी गिळत नाही." जसं काही मी तिला विंचू गिळायला सांगितला!

१६ फेब्रुवारी, रविवार

ताई भाजी निवडताना म्हणाली, "तिला गिळायला सांगत जाऊ नकोस."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"पोटात अल्सर आहे का? तसं असेल तर तोंडाने बोलावं."

"तिचं तिला सांगू दे. मी शब्द दिलाय."

मोठी आली शब्द देणारी. लहानपणी माझं एक गुपित तिच्या पोटात संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही. आता सुनेसाठी तोंडाला कुलूप! माझी खात्री आहे, काही नाही, नखरे आहेत. पुस्तकं वाचून बियर शिकलेल्यांचे असेच असतात. वास घ्यायचा, आकडे बघायचे, आणि शरीर म्हणून जे आहे त्याला मधे येऊ द्यायचं नाही.

भाचा मात्र आज गोड बोलला. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे, समुद्र दिसतो, हवं तर राहा म्हणाला. प्रत्येक बॅच तुझ्या जिभेखालून जाईल. मी "बघू" म्हटलं. खरं तर मला फार बरं वाटलं. घरी माझं मत विचारायला फक्त भाजीवाली आहे, आणि तीही विचारत नाही. निवृत्त झाल्यापासून या जिभेने नुसतं जेवणात मीठ कमी की जास्त एवढंच सांगितलं आहे. राहीन मी इथे. पण त्या भांड्यात थुंकण्याचा कार्यक्रम बंद झाल्यावर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

थुंकी चहा घेऊन वर आली. स्वतः! कप ठेवला, पलंगाच्या कडेला बसली. हात धुऊन धुऊन सालपटलेले.

"मावशी, तुम्हाला एक सांगायचं होतं."

"बियरबद्दल असेल तर आधी गिळ, मग बोल."

हसली. हसायला काय झालं होतं कोण जाणे. "बियरबद्दलच आहे तसं," म्हणाली. मग कप अजून भरलेला आहे हे न बघताच तो उचलला आणि खाली निघून गेली. चहा राहिला तो राहिलाच.

आज मंगळवार, म्हणजे सभा. घाईत असेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उद्या वितरक. भाच्याने दाढी कापली. खाली हनुवटी आहे हे विसरायला झालं होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जिंकले!

नीट लिहून ठेवते. वितरक अकराला आला. पुढे पोट, मागे दोन पोरगेले साहाय्यक, आल्या आल्या नांगरासमोर फोटो. बियरमधलं याला काय कळणार, असं मला वाटलं. पण ग्लास उचलायची पद्धत बरी होती – आधी उजेडात धरला, मग नाकाशी, मग मोठा घोट. गिळला आणि थांबला. तेव्हाच मी ओळखलं, याला लागलं. मला इतका आनंद झाला की ग्लास हिंदकळला.

"चांगली आहे," म्हणाला. "पण मागे काहीतरी राहतंय का?"

"राहतंय," मी म्हटलं. "खरवडतं."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. वितरक थुंकीकडे वळला. "बनवणाऱ्या तुम्ही ना? तुमचं काय मत?"

थुंकीच्या हातात भांडं होतं, नुकतीच थुंकली होती. म्हणाली, "मला तसं नाही वाटत." आवाज अगदी लहान.

आता मी गप्प बसायचं होतं का? टाकी जाणार, नाव जाणार, भाचा भाड्याच्या टाक्यांवर राबणार, आणि हे सगळं एका बाईच्या नखऱ्यापायी. मी म्हटलं, "तिला कसं वाटेल? ती थुंकते. वितरक साहेब, हिची स्वतःची बियर हिच्याच घशाखाली उतरत नाही. मग तुमच्या गिऱ्हाइकाच्या काय उतरणार?"

"मावशी, बस," भाचा म्हणाला. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

साहाय्यक हसले. वितरक नाही हसला. तो थुंकीकडे बघत राहिला, आणि मला वाटलं, आता विचारेल. विचारलंच. "का हो? तुम्ही का नाही घेत?"

थुंकीने भांडं खाली ठेवलं. कोपऱ्यात हलकेच, आवाज न करता. ताजा ग्लास घेतला. भाचा पुढे झाला आणि तिच्या मनगटावर हात ठेवून म्हणाला, "नको. राहू दे. गेली बियर खड्ड्यात." तिने त्याचा हात बाजूला केला आणि सरळ माझ्याकडे पाहत एक घोट गिळला.

मग डोळे मिटले. किती वेळ उभी होती! मी तिच्या घशाकडे बघत होते. दुसरा घोट गिळला, आणि डोळे उघडून म्हणाली, "मावशींचं बरोबर आहे. शेवटी खरवडतं. दोन नंबरची मिसळायला हवी. मी ऐकायला हवं होतं."

सगळ्यांसमोर! एवढा मान मला कंपनीच्या निरोप समारंभातही मिळाला नव्हता. ग्लासात मिसळून दाखवली, वितरकाने चाखली, जिभेने टाळ्याला टिचकी मारली आणि भाच्याचा हात हातात घेतला. म्हणाला, स्वतःच्या मालातली खोट असं तोंडावर मान्य करणारा ब्रुअर मी पाहिला नाही, अशांचा माल मी घेतो. घेतली! सगळे बार!

थुंकी तोवर टेबलाशीच होती. तिने तो ग्लास संपवला. तळापर्यंत. शाब्बास, मी म्हटलं, आता कसं! मग वितरकाने अर्धा टाकलेला ग्लास होता, तोही घेतला. आवडलेली दिसते. साहाय्यकांचे ग्लास आवरायला म्हणून आत घेऊन गेली.

भाच्याने माझे आभार मानले नाहीत. एकदाही. जेवायलाही आला नाही. कृतघ्न मेला.

आज शुक्रवार असून ती सभेला गेली नाही. बघा, कामाला लागली बाई.

२२ फेब्रुवारी, शनिवार

टाकीवरच्या माणसाला हाताशी धरून मिसळण करून घेतली. अप्रतिम. वास थोडा उतरतो, तिचं म्हणणं तेवढं खरं होतं. पण कडूपणा येतो, वळतो आणि जातो. उद्या शेवटचं चाखून मी होकार दिला की बाटल्या भरायच्या.

ब्रुअर बाई मात्र गैरहजर! दोन ग्लासांत आडवी. एवढी नाजूक तब्येत असेल तर साबण करावा, बियर कशाला करावी? भाचा सकाळपासून व्हॅन घेऊन कुठे कुठे फिरतोय, फोन उचलत नाही. दुपारी तो बस ड्रायव्हर आला, गणवेशातच, आणि ती पिकलेल्या केसांची बाई. दोघं ताईशी दारात हळू आवाजात बोलले आणि व्हॅन गेली त्याच्या उलट्या दिशेने निघून गेले. ताईला विचारलं, काय झालं? ताईने पाठ फिरवली. मग स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी घातली.

यश आलं की घरच्यांच्या पोटात दुखतं, दुसरं काय.

२३ फेब्रुवारी, रविवार

सापडली. बसस्टँडच्या मागे, काल अंधार पडता पडता. भाच्याला ओळखलं नाही तिने. दवाखान्यात आहे. डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

ताईने शब्द मोडला. सगळं सांगितलं. ती सभा कसली ते – दारू सोडलेल्यांची. लग्नाआधीचं पिणं, आणि नंतर एकदा घसरली ते. आणि थेंबही पोटात न जाऊ देता ती ही बियर कशी करत आली, ते. "हे एकच काम येतं तिला," ताई म्हणाली, "आणि ते सोडायचं नव्हतं." मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? ताई म्हणाली, "येऊन आठवडा झाला नव्हता तुला. जेवताना काय म्हणालीस ते आठव."

मला बोलवायचं भाचेसुनेनेच सुचवलं होतं. तिच्याऐवजी गिळायला कोणीतरी खात्रीचं हवं होतं.

टाकीवरचा माणूस ग्लास घेऊन आला. होकार हवा होता. रंग ठीक. वास ठीक. घोट तोंडात घेतला आणि तसाच घेऊन उभी राहिले. मग कोपऱ्यातलं तिचं भांडं उचललं आणि त्यात थुंकून टाकला.